सीलबंद अंबाडी

माझी पहिली सरकारी नोकरी बी सांभाळण्याची होती. ते पेरायचं नाही, विकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, फक्त सांभाळायचं. केमजवळच्या आमच्या गावी मी हे सांगितलं तेव्हा वडिलांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग आईला म्हणाले की शेतकीची डिग्री घेतलेल्या पोराला सरकारनं कोठीवर बसवलंय.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. त्या काळात लोकांनी पेरणीसाठी राखलेलं बीसुद्धा दळून खाल्लं होतं आणि गावोगावची जुनी वाणं संपत चालली होती. ती पुरती नाहीशी होण्याआधी गोळा करून ठेवावीत, असं वर कुणाला तरी वाटलं. कल्पना चांगली होती, हे मला आजही मान्य आहे. सोलापुरात अक्कलकोट रोडला तेव्हा मागांचे कारखाने एकेक करून उभे राहत होते. तिथल्याच एका शेडच्या अर्ध्या भागात आमचं केंद्र सुरू झालं. उरलेल्या अर्ध्या भागात टॉवेल विणले जात. दिवसभर मागांची खडखड चाले आणि आमच्या टेबलावरचा पेपरवेट हळूहळू सरकत कडेला येई.

आमचे साहेब सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन परदेशातून आले होते आणि येताना ‘जीन बँक’ हा शब्द घेऊन आले होते. त्यांनी तो मोठ्या अक्षरांत दारावर रंगवून घेतला. पहिल्याच आठवड्यात एकजण कापसाची गाडी घेऊन दारात उभा राहिला, कारण आमच्याकडं जीन म्हणजे सरकी काढायचा कारखाना. समोर सायकल दुकान चालवणाऱ्या चाचांची समजूत आणखी वेगळी होती. त्यांच्या बोलीत जिन म्हणजे भूत. रोज सकाळी मी सायकल उभी केली की ते गंभीरपणे विचारत, “कित्ते जिन जमा हुए, साब?”

बँक म्हणजे खरं तर एक लोखंडी कपाट होतं. त्यात काचेच्या बरण्या, बरण्यांत कापडी पाकिटं, पाकिटांत बी. प्रत्येक बरणीत निळ्या खड्यांची एक पुरचुंडी असे. हे खडे हवेतली ओल शोषून घेत आणि शोषता शोषता गुलाबी होत. गुलाबी झाले की ते काढून स्टोव्हवर भाजायचे, म्हणजे पुन्हा निळे होत. ओल लागली की बी मरतं, त्यामुळं सगळा खेळ या खड्यांवर होता. दर सोमवारी कपाट उघडून खडे बघणं हे माझं मुख्य शास्त्रीय काम. एक फ्रीजही मंजूर होऊन आला होता, पण त्यात साहेबांच्या पाहुण्यांसाठी सरबताच्या बाटल्या असत आणि बियाण्याला जागा उरत नसे.

आमच्या वाट्याला आलेली पिकं दोन, अंबाडी आणि ताग. दोन्ही दोराची. शेताच्या कडेनं किंवा तुरीच्या ओळीत ती पेरायची, कापून पाण्यात कुजवायची आणि सोललेल्या वाखाचे कासरे, दावी, चऱ्हाटं वळायची. अंबाडीचा कोवळा पाला भाजीला. आमच्या भागातलं पोर भाकरी खायला लागतं तेव्हापासून ही आंबट भाजी खातं. सरकारी यादीत मात्र ती ‘तंतुपीक’ या सदरात होती, आणि भाजी म्हणून कुठंच नव्हती.

बी गोळा करायला मी एस.टी.नं तालुकेच्या तालुके फिरलो. मैंदर्गीच्या बाजारात एका दोरवाल्यानं मला अक्काचं नाव सांगितलं. तिला सगळं गाव अक्का म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. पन्नाशीची, एकटीनं शेत करणारी बाई. घरात कानडी बोलायची, आमच्याशी मराठी. तिच्याकडं तीन पिढ्यांची अंबाडी होती, तांबड्या देठाची. तिनं कोपऱ्यातलं एक मडकं ओढलं. तोंडाला शेणाचा लेप होता. तो फोडून तिनं राखेत मिसळलेलं तिकोनी करडं बी माझ्यापुढं सुपात ओतलं आणि कधी पेरणार ते विचारलं.

मी सांगितलं की पेरायचं नाही, ठेवायचंय.

“आमी बी ठिवतो की,” अक्का म्हणाली. “पर औंदा ठिवल्यालं पुडच्या मिरगाला पेरतो. तू कदी पेरनार?”

मी तिला कपाट, बरण्या आणि खडे समजावून सांगितले. आमच्याकडं हे बी दहा वर्षंसुद्धा जिवंत राहील, असंही सांगितलं. दहा वर्षं त्याच्याकडं बघणार कोण, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, सरकार. यावर तिनं आणखी एक मूठ बी माझ्या पिशवीत टाकलं. एका मुठीवर सरकारचं भागणार नाही असं तिला वाटलं असावं.

असं करत करत साठ-सत्तर पाकिटं जमली. कपाट दिसायला देखणं झालं. मग आणीबाणी आली. ऑफिसं वेळेवर उघडू लागली, आणि वेळेवर उघडल्यावर करायचं काय, हा प्रश्न सगळ्यांपुढं उभा राहिला. प्रत्येक खात्याला आपलं काम दाखवणं भाग होतं. साहेबांनी ठरवलं की आपल्या संग्रहाची यादी इंग्रजीत करून जिल्ह्यातल्या सगळ्या कचेऱ्यांना माहितीसाठी पाठवायची. इंग्रजीत अंबाडीला ‘डेक्कन हेम्प’ म्हणतात आणि तागाला ‘सन हेम्प’. आमचे टंकलेखक स्वभावानं काटकसरी होते. प्रत्येक ओळीत डेक्कन आणि सन टाइप करत बसण्यापेक्षा त्यांनी ते दोन्ही शब्द गाळले आणि वर ठळक मथळा दिला, ‘हेम्प बियाण्यांचा संग्रह’. साहेबांनी न वाचता सही केली. तपासणाऱ्याची सही माझी होती आणि मी वाचून केली होती, हे इथं लिहून टाकतो. मला त्यात काही खटकलं नाही.

नशेच्या पदार्थांचा बंदोबस्त पाहणारी एक कचेरी होती. तिलाही एक प्रत गेली. तिथल्या निरीक्षकांना यादी वाचायला वेळ होता.

ते आमच्याकडं आले तेव्हा थंडीचे दिवस होते. चाळिशीचे, मुंबईकडचे, अतिशय सभ्य गृहस्थ. पुढच्या दीड वर्षात त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही, म्हणूनच त्यांच्याशी भांडायची सोय नव्हती. त्यांनी पिशवीतून शब्दकोश काढला, खूण घातलेलं पान उघडलं आणि साहेबांपुढं ठेवलं. हेम्प म्हणजे भांगेचं, गांजाचं झाड. साहेबांनी समजावलं की हे हेम्प वेगळं, ते वेगळं, दोघांचं कूळही वेगळं.

“नाव तुम्हीच दिलंय, साहेब,” निरीक्षक शांतपणे म्हणाले. “मी दिलेलं नाही.”

साहेब शास्त्रज्ञ होते. त्यांनी ठरवलं की आता शास्त्रीय नावच सांगावं, म्हणजे वाद मिटेल. ते ठासून म्हणाले, “हिबिस्कस कॅनाबिनस.” निरीक्षकांनी दुसऱ्या शब्दाचं स्पेलिंग विचारलं आणि वहीत उतरवून घेतलं. मग शब्दकोशात गांजाचं शास्त्रीय नाव काढून दोन्ही शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ ओढली. पहिली सात अक्षरं सारखी होती.

पंच म्हणून समोरचे सायकलवाले चाचा आणि शेजारचा चहावाला यांना बोलावलं. खडे भाजायच्या आमच्याच स्टोव्हवर लाख वितळवून कपाटाला सील ठोकलं गेलं. चाचांना कपाटात जिन असल्याची आपली शंका खरी ठरल्याचं समाधान होतं. मी निरीक्षकांना खड्यांचं सांगितलं. दर सोमवारी निदान ते तरी बदलू द्या, नाहीतर पावसाळ्यात आतलं बी मरेल, असं विनवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले की मुद्देमालाची काळजी आता शासन घेईल. मी म्हणालो, आधीही शासनच घेत होतं. हे त्यांना मान्य होतं, पण ते शासन वेगळं.

साहेबांनी निरीक्षकांच्या कचेरीला पत्रावर पत्र लिहिलं. उत्तर आलं की हे बी गांजाचं नाही हे पेरून सिद्ध करावं. साहेबांनी कळवलं की पेरायला बी सीलमध्ये आहे. त्यावर कळलं की सील हे बी गांजाचं नाही असं सिद्ध झाल्यावर निघेल. ही पत्रं उन्हाळ्यापर्यंत चालली. शेवटी निरीक्षकांनीच तोडगा सुचवला. त्याच वाणाचं बी मूळ शेतकऱ्याकडून नव्यानं आणावं आणि केंद्राच्या हद्दीबाहेर, तटस्थ जागी पेरून दाखवावं. साहेबांना शहरात एकच तटस्थ जागा सुचली. ती म्हणजे माझ्या भाड्याच्या खोलीमागचं परसू.

मी पुन्हा मैंदर्गीला गेलो. अक्काला सगळं कसं सांगावं कळेना, म्हणून सरळ सांगितलं की तुझं बी सरकारनं धरलंय, कपाटाला सील ठोकलंय.

“काय केलं त्येनं?” अक्कानं विचारलं.

मी म्हणालो, काही नाही, इंग्रजीत त्याचं नाव वाईट आहे. तिनं पुन्हा मडकं ओढलं. बी देताना या खेपेला तरी पेरणार ना, असं विचारून घेतलं. मी हो म्हणालो तेव्हा तिच्या तोंडावर पहिल्यांदाच मला आमच्या खात्याविषयी थोडा विश्वास दिसला.

मी शहराच्या पूर्व भागात राहत होतो. घरमालक विणकर, तेलुगू बोलणारे. पुढच्या खोलीत हातमाग, मागं परसू. मालकीणबाईंना मी अम्मा म्हणे. त्यांना मराठी कामापुरतं येई आणि त्यांचं काम फारसं बोलून होणारं नव्हतं. परसात दोन ओळी पेरायची परवानगी मागितली तेव्हा, काय पेरणार, एवढंही त्यांनी विचारलं नाही. पाऊस झाल्यावर मी बी टाकलं. चौथ्या दिवशी उगवलं. नोकरीला लागल्यापासून मी सांभाळत असलेल्या वाणाचं बी उगवताना मी पहिल्यांदा पाहिलं आणि ऑफिसला अर्धा तास उशिरा गेलो.

महिन्याभरानं निरीक्षक आले. पानं गोल, साधी होती. त्यांनी गांजाच्या झाडाचं रंगीत चित्र आणलं होतं. ते पानाशेजारी धरून पाहिलं आणि ‘साम्य नाही’ असं लिहून घेतलं. मला वाटलं, सुटलो.

इथं मला माझ्या शिक्षणाबद्दल एक कबुली दिली पाहिजे. अंबाडीचं खालचं पान गोल असतं, पण झाड कमरेएवढं झालं की वरच्या पानांना बोटं फुटतात. पाच, कधी सात, लांब, अणकुचीदार, कडेला दाते. पान हुबेहूब गांजाच्या पानासारखं दिसतं. त्याच्या शास्त्रीय नावात तो शब्द येतो तो याच कारणानं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं आणि विसरलो होतो. निरीक्षक दुसऱ्यांदा आले तेव्हा पानांना बोटं आली होती. त्यांनी चित्र काढलं, पान हातात धरलं आणि एकेक बोट मोजलं. पानाला सात, चित्रातही सात. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. चांगल्या घरचा मुलगा वाया गेल्याचं दुःख होतं.

मी म्हणालो की फूल येऊ द्या, फूल पिवळं येतं, जास्वंदीसारखं, मग सगळं स्पष्ट होईल. ते म्हणाले की फूल येईपर्यंत झाड जगवणं याला कायद्यात लागवड म्हणतात.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला मेमो दिला. खाजगी जागेत संशयास्पद वनस्पतीची परवानगीवाचून लागवड का केली, याचा तीन दिवसांत खुलासा करावा. मी त्यांच्याकडं गेलो आणि आठवण करून दिली की जागा त्यांनीच सुचवली होती. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले की तोंडी सुचवली होती. दोन मुली लग्नाच्या होत्या, आणि त्या दिवसांत माणसं कशाकशासाठी आत जात होती हे सगळ्यांना दिसत होतं. मी मेमो खिशात घातला. खोलीवर येऊन पडून राहिलो. आपण गांजाच्या आरोपात अडकलोय हे गावाकडं वडिलांना कसं लिहायचं, याचा कच्चा मसुदा मी तीन वेळा केला आणि तीनदा फाडला.

या काळात दुसरीही एक भानगड चालू होती. झाडांचे शेंडे रोज कुणीतरी खात होतं. शेळी येण्यासारखी जागा नव्हती, अळी दिसत नव्हती. मी निरीक्षणवहीत नोंद केली होती, ‘शेंडे खुडणारी कीड. ओळख पटलेली नाही. प्रादुर्भाव सकाळी जास्त.’ कीटकनाशक मारावं का याचा विचार करत होतो.

तिसऱ्या वेळी निरीक्षक पंच घेऊन आले, झाडं मुळासकट उपटून जप्त करायला. पंच तेच, चाचा आणि चहावाला. भर दुपार होती. चहावाल्यानं पहिलं झाड उपटलं आणि आवाज ऐकून अम्मा मागच्या दारात आल्या. उपटलेलं झाड पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. मुळासकट कशाला काढता, त्या म्हणाल्या, वरून खुडा, परत फुटतं, मी रोज खुडते. माझी कीड मला त्या क्षणी सापडली.

निरीक्षकांनी त्यांना विचारलं की हे काय आहे, ठाऊक आहे का?

“गोंगूरा हाय,” अम्मा म्हणाल्या. “तुमी लोक अंबाडी म्हनता. आज तेच केलं. जेवून जावा.”

निरीक्षकांनी चहावाल्याकडून ते झाड आपल्या हातात घेतलं. अंबाडीची भाजी त्यांना माहीत होती. सोलापुरात बदली होऊन आल्यापासून ते एका खानावळीत जेवत आणि तिथं ती आठवड्यातून दोनदा असे. त्यांना ती आवडायची. ती उभी असताना कशी दिसते हे मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. सरकारी कामावर असताना कुणाकडं जेवू नये, हा त्यांचा नियम होता. तो त्यांनी आम्हाला सांगितला. ते हातातल्या झाडाकडं आणि मग दाराकडं बघत राहिले. आतून लसणाच्या फोडणीचा वास येत होता. शेवटी ते म्हणाले की पुराव्याची तपासणी म्हणून घेता येईल.

तरी त्यांनी कसूर ठेवली नाही. झाडावरचा पाला पंचांसमक्ष खुडला, अम्मांना तो त्यांच्यासमोर धुवायला आणि शिजवायला लावला. कण्या घातलेली, वर लसणाचं तेल ओतलेली भाजी आणि गरम भाकरी घेऊन आम्ही चौघे हातमागाच्या खोलीत जेवायला बसलो. निरीक्षकांनी तीनदा भाजी घेतली. मग त्यांनी तिथंच पंचनामा लिहिला. त्याची प्रत पुढं माझ्या हाती आली, म्हणून शब्द जवळजवळ तसेच आठवतात. ‘सदर पाला शिजवून ज्वारीच्या भाकरीबरोबर पंचांसमक्ष खाण्यात आला. चव आंबट. त्यानंतर परिणामांसाठी दोन तास वाट पाहण्यात आली. खाणाऱ्यांपैकी कोणासही नशा आल्याचे दिसून आले नाही.’

या शेवटच्या वाक्यावरून थोडी चर्चा झाली, कारण त्या दोन तासांत स्वतः निरीक्षक भिंतीला टेकून गाढ झोपले होते. चाचांचं म्हणणं, जे दिसलं ते लिहिलं पाहिजे, आपण अंगठा उठवणारी नाही, सही करणारी माणसं आहोत. निरीक्षक प्रामाणिक होते. त्यांनी पुढं एक ओळ वाढवली, ‘एकास झोप लागली, ती जेवणानंतरची असल्याबद्दल पंचांचे एकमत आहे.’ राहिलेली झाडं त्यांनी उभी ठेवली. जाताना अम्मांना नमस्कार केला आणि मला म्हणाले की तुमच्याबद्दल माझं मत चुकीचं झालं होतं. मला त्यांचा राग येईना. मेमोचा खुलासा मी पंचनाम्याची नक्कल जोडून दिला. साहेबांनी तो वाचला, मेमो मागं घेतला आणि मला सरबताची बाटली दिली.

मला वाटलं, आता आठवड्याभरात सील निघेल. पण पंचनामा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर निघाला. एका टेबलाला फूल हवं होतं. मी फूल वहीत दाबून वाळवून पाठवलं. पुढच्या टेबलाला ते फूल त्याच झाडाचं असल्याचा दाखला हवा होता. तिसऱ्या टेबलावरचे गृहस्थ बदलून गेले. पाऊस सरला, थंडी गेली, उन्हाळा आला. आणीबाणी उठली. कपाटाचं सील उठलं नाही. सोमवारी सकाळी मी सवयीनं कपाटासमोर जाऊन उभा राहत असे आणि आतले खडे आता कोणत्या रंगाचे असतील याचा विचार करत असे. पुढचा पावसाळा सुरू झाला, शेडची भिंत ओल धरू लागली, तेव्हा एक दिवस निरीक्षकांनी येऊन स्वतः लाख फोडली.

दार उघडल्याबरोबर कुबट वास आला. खडे सगळे गुलाबी. दोन-तीन बरण्यांच्या झाकणांआत बुरशी होती. मी प्रत्येक पाकिटातलं थोडं थोडं बी ओल्या टिपकागदावर मांडलं, झाकलं आणि वाट पाहत राहिलो. तागाचं बी कडक असतं. ते बरंचसं उगवलं. अंबाडीची चौथ्या दिवशी वाट पाहिली, सातव्या दिवशी पाहिली. दहाव्या दिवशी टिपकागदावर मोजके मोड होते, उरलेलं बी फुगून मऊ पडलं होतं. अक्काच्या पाकिटांतलं एकही उगवलं नव्हतं. पलीकडं माग खडखडत होते. मी तो टिपकागद फेकून दिला नाही, दोन दिवस तसाच टेबलावर ठेवला. साहेबांनी विचारलंही नाही.

वार्षिक अहवालाची वेळ आली. साहेबांनी मला बोलावून विचारलं की पाकिटं मोजली का? मी म्हणालो, मोजली. सगळी आहेत का? आहेत.

“मग संग्रह सुरक्षित आहे,” साहेब म्हणाले.

मी त्यांना उगवणीचं सांगितलं. ते म्हणाले की छापील तक्त्यात नमुन्यांची संख्या विचारली आहे, तब्येत विचारलेली नाही. ‘नष्ट झालेले नमुने’ या रकान्यात टंकलेखकांनी ‘निरंक’ लिहिलं. तपासणाऱ्याच्या जागी मी सही केली, या खेपेलाही वाचून. काही महिन्यांनी वरून आमच्या केंद्राला अभिनंदनाचं पत्र आलं. प्रतिकूल परिस्थितीतही संपूर्ण संग्रह अबाधित राखल्याबद्दल. साहेबांनी ते चौकट करून भिंतीवर लावलं. त्या भिंतीकडं पाठ करून बसता यावं म्हणून मी माझं टेबल फिरवून घेतलं.

मग मी पुन्हा फिरायला निघालो, मेलेल्या पाकिटांचे पत्ते घेऊन. चार वर्षं काही फार नाहीत, पण तेवढ्यात बाजारात नायलॉनची दोरी आली होती. निळी, हिरवी, कुजवायला नको, सोलायला नको. करमाळ्याकडच्या एका शेतकऱ्यानं मला विचारलं की दोरीच पेरायची बंद केली, आता बी कशाला ठेवू? बऱ्याच गावांतून मी रिकामी पिशवी घेऊन परतलो. ज्यांच्याकडं मिळालं त्यांच्याकडं ते भाजीपुरतं उरलं होतं.

मैंदर्गीला सगळ्यात शेवटी गेलो, कारण जायची लाज वाटत होती. अक्काला सांगितलं की तुझं बी कपाटात मेलं. तिनं ते शेजारपाजारच्या एखाद्या म्हाताऱ्याबद्दल ऐकावं तसं ऐकलं. मग मी सांगितलं की दुसऱ्या खेपेला नेलेलं मात्र जगलंय. अम्मांनी परसातली चार झाडं बियाला सोडली होती आणि आता त्यांच्या गल्लीत पाच-सहा घरी तांबड्या देठाचा गोंगूरा होता. अक्का हसली. शहरातल्या बाया त्याचं काय करतात, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, लोणचं घालतात. हे तिला नवीन होतं. ते कसं घालतात हे तिनं माझ्याकडून तपशीलवार काढून घेतलं. मला जेवढं ठाऊक होतं तेवढं मी सांगितलं आणि उरलेलं अम्मांना विचारून पुढच्या खेपेला सांगायचं कबूल केलं. एवढ्या वर्षांत एखाद्या शेतकऱ्याला उपयोगी पडेल अशी माहिती मी पहिल्यांदाच देत होतो.

साहेब निवृत्त झाल्यावर मी एक खरी यादी केली. कोणतं वाण मेलं, कोणतं कुणाकडं जिवंत आहे, कुठल्या गावातून गेलं. सहा पानं झाली. इंग्रजी नावं न गाळता स्वतः टाइप केली आणि मागच्या अहवालात दुरुस्ती करावी अशी विनंती करून वर पाठवली. पाच महिन्यांनी उत्तर आलं. एकदा मंजूर झालेल्या अहवालातील आकड्यांत बदल करता येत नाही, तसेच जिवंत असल्याचे कळवलेले नमुने संग्रहाबाहेरील असल्याने त्यांची नोंद घेण्याचा प्रश्न उद्भवत नाही, सबब आपले पत्र दप्तरी दाखल करण्यात आले आहे. मी ते दोनदा वाचलं, फायलीला लावलं, आणि दुपारच्या एस.टी.नं मंगळवेढ्याकडं गेलो. तिथं एकाच्या बांधावर जुना ताग फुलावर आल्याचा निरोप होता.